बिनब्रेकची मोटारसायकल

मोठ्या जत्रेत 'मौत का कुआँ' पाहिला नाही असा विद्यार्थी आपल्याकडे क्वचितच सापडेल. फळ्यांची उभी गोल विहीर, वर कठड्याला टेकलेले प्रेक्षक आणि आत भिंतीवरून भिंगरीसारखी फिरणारी मोटारसायकल. स्वार खाली का पडत नाही, हा प्रश्न वर्गात हमखास येतो आणि त्याचे उत्तर अकरावीच्या पुस्तकात असतेच. विहिरीची त्रिज्या साडेचार मीटर आणि वेग सेकंदाला बारा मीटर (ताशी सुमारे ४३ किलोमीटर) धरला, तर केंद्राकडे होणारे त्वरण सेकंदवर्गाला ३२ मीटर भरते. भिंत टायरला या हिशेबाने आत रेटते आणि घर्षण गाडीला वर धरून ठेवते. घर्षणांक ०.३१ असला तरी भागते, आणि लाकडावर रबराचा घर्षणांक त्याहून बराच जास्त असतो.

पण त्या गाडीकडे सहसा कुणी नीट पाहत नाही. तिला मडगार्ड नसतो, दिवे नसतात, सायलेन्सर असला तर नावापुरता. शर्यतीसाठी 'सोललेली' गाडी ती हीच. तिच्या मूळ घराण्याचा शोध घेत गेलो, तर आपण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेत पोचतो. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या शाखेची, सपाट मातीच्या गोल मैदानावर धावणाऱ्या शर्यतीच्या गाडीची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. तिला तिकडे 'फ्लॅट ट्रॅक' म्हणतात. ही हकीकत निवडण्याचे कारण असे की ही गाडी बरीच वर्षे कारखान्यात कमी आणि घरामागच्या शेडमध्ये जास्त बनली. आणि ती बनवायला जी जी कामे लागतात, ती करणारे हात उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन स्टेशनांच्या पट्ट्यात गेली सत्तर वर्षे आहेत.

सुरुवात लाकडापासून झाली. जॅक प्रिन्स नावाचा एक इंग्रज सायकलपटू अमेरिकेत सायकल शर्यतींसाठी फळ्यांचे गोल मार्ग बांधून देत असे. १९१० मध्ये लॉस एंजलिसजवळ त्याने मोटारींसाठी तसाच मोठा मार्ग उभारला आणि लवकरच गावोगावी असे 'मोटरड्रोम' झाले. वळणावर फळ्यांना भलताच उतार असे. त्यामुळे वेग कमी करायची गरज पडत नसे, आणि ज्याची गरज नाही ते ओझे कशाला, म्हणून गाड्यांना ब्रेकच नसत. ८ सप्टेंबर १९१२ रोजी नेवार्क येथे एडी हाशा या स्वाराची गाडी कठड्यावर आदळली. तो, दुसरा एक स्वार आणि कठड्यावरून वाकून पाहणारे काही प्रेक्षक जागीच मेले किंवा नंतर दगावले. वर्तमानपत्रांनी या मार्गांवर टीकेची झोड उठवली. शिवाय उघड्यावरचे लाकूड कुजते, ते बदलण्याचा खर्च पेलत नाही. १९३० च्या आसपास लाकडी मार्ग संपल्यातच जमा होते. त्यांची जत्रेपुरती छोटी आवृत्ती तेवढी उरली. तीच आपली विहीर.

माती मात्र कुजत नाही. अमेरिकेत जिल्ह्याजिल्ह्यांत शेतीची प्रदर्शने भरत आणि त्या मैदानांवर घोड्यांच्या शर्यतींसाठी अर्ध्या मैलाचे किंवा मैलाचे मातीचे मार्ग तयारच असत. घोडे गेले की तेथे मोटारसायकली येत. मार्ग सपाट, वळणाला उतार नाही आणि ब्रेक तर अजूनही नाहीत. मग वळायचे कसे?

येथे थोडे गणित करू. ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर सेकंदाला १५ मीटर (ताशी ५४ किलोमीटर) वेगाने जायचे तर केंद्राभिमुख त्वरण १५ गुणिले १५ भागिले ४०, म्हणजे ५.६ येते. त्यासाठी घर्षणांक निदान ०.५७ हवा. कोरड्या, दाबलेल्या मातीवर हे जेमतेम जमते. वेग दुप्पट केला की गरज चौपट होते आणि ती माती कधीच पुरवणार नाही. म्हणजे सरळ रेषेत मिळवलेला वेग वळणाआधी उतरवायलाच हवा. स्वारांनी यावर काढलेला तोडगा पुस्तकातून सुचणारा नव्हे. ते वळणाच्या तोंडाशी गाडी मुद्दाम आडवी टाकतात. मागचे चाक बाहेर घसरते, त्याच्या फरफटण्याने वेग उतरतो आणि गाडीचे तोंड आपोआप आतल्या बाजूला वळते. आता ॲक्सिलरेटर पिळला की चाकाचा रेटा थोडा पुढे आणि थोडा केंद्राकडे लागतो. या वेळी हँडल मात्र वळणाच्या उलट दिशेला असते. डावीकडे वळताना हँडल उजवीकडे! पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा स्वार आता आपटणार असेच वाटते. टायरकडे पकड ठरावीक असते. ती पुढे ढकलण्यात खर्च केली तर आडवे धरायला कमी उरते आणि उलट. घरखर्चाच्या पैशांसारखेच हे आहे. स्वार उजव्या मनगटाने ही वाटणी सेकंदासेकंदाला बदलत असतो. ब्रेक असता तर घाबरून कुणीतरी तो मधेच दाबला असता आणि मागून येणारे चौघे त्याच्यावर कोसळले असते. म्हणून ब्रेक नसणे ही येथे एका अर्थाने सुरक्षेची सोयच मानली जाई. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मागच्या चाकाला ब्रेक लावायला परवानगी मिळाली, तेव्हा कुरकुर करणारे जुने स्वार कमी नव्हते.

आता घरच्या कारखान्याकडे वळू. १९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेतले मोटारसायकलींचे कारखाने भराभर बंद पडले. हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन हे दोनच मोठे उरले. खास शर्यतीसाठी महागड्या गाड्या बनवणे कुणालाच परवडेना. तेव्हा तिथल्या मोटारसायकल संघटनेने १९३३-३४ मध्ये 'क वर्ग' म्हणून एक नवी शर्यत काढली. नियम साधे होते. गाडी दुकानात विकली जाणारीच हवी. बाजूला झडपा असलेले जुन्या धर्तीचे इंजिन असेल तर ७५० घनसेंटिमीटरपर्यंत, डोक्यावर झडपा असलेले असेल तर ५०० पर्यंत. सुरुवातीला तर स्वाराने स्वतःच्या मालकीच्या गाडीवर बसूनच मैदानावर यावे अशी अपेक्षा होती. तेथे दिवे, मडगार्ड काढायचे, शर्यत पळायची, पुन्हा ते बसवून घरी जायचे.

आमच्या मते या खेळाच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा शोध हा नियमच होय. कारण त्यामुळे जिंकण्याचे साधन पैशांतून निघून हातांत आले. सगळ्यांची गाडी सारखीच, तर फरक पडणार तो कानस, लेथ आणि डोके यांनी. गॅरेजवाले, शेतकरी, कारखान्यातले फिटर या खेळात उतरले ते त्यामुळे.

घरच्या कारखान्यात काय होऊ शकते याचे टोकाचे उदाहरण मात्र मातीच्या मैदानावरचे नाही. न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिल गावी राहणाऱ्या बर्ट मन्रो याने १९२० साली एक इंडियन स्काउट घेतली, ६०० घनसेंटिमीटरची. पुढे चाळीसहून अधिक वर्षे तो तीच गाडी सुधारत राहिला. जुने पिस्टन वितळवून नवे पिस्टन तो घरीच ओतत असे. साचे म्हणून पत्र्याचे डबे. पिस्टनला जोडणारे दांडे त्याने ट्रॅक्टरच्या आसाच्या पोलादातून कानशीने घासून काढले. मायक्रोमीटरच्या जागी जुनी स्पोक वापरत असे, असेही सांगतात. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बोनव्हिलच्या मिठागरावर या गाडीने ताशी १८३ मैलांहून जास्त, म्हणजे जवळजवळ २९५ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. तेव्हा मन्रो ६८ वर्षांचा होता आणि गाडी ४७. त्याच्या शेडमध्ये एका फळीवर फुटलेल्या, वितळलेल्या भागांची रांग मांडलेली असे. प्रयोगवही म्हणून ती रांग आम्हाला फार आवडते.

दुसऱ्या महायुद्धाने जुन्या गाड्यांचा पूर आणला. बीएसए कंपनीने एम-२० या एकाच नमुन्याच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या सैन्यासाठी बनवल्या, नॉर्टनने १६-एच च्या लाखभर. युद्ध संपल्यावर त्या जगभर मोडीच्या भावात विकल्या गेल्या आणि घरोघरच्या कारागिरांना कच्चा माल मिळाला. भारतातही अशा गाड्या मागे राहिल्या. जुन्या वाहनांच्या मेळाव्यांत हिरव्या रंगाची एम-२० आजही भेटते.

युद्धाने मागे ठेवलेली आणखी एक गोष्ट म्हणजे कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या छावणीच्या बराकींत जागा देण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. तेथे पत्ता सांगताना आजही कॅम्प आणि बराकीचा नंबर सांगतात. बराकीच्या एका टोकाला संसार आणि दुसऱ्या टोकाला धंदा, अशी ती मांडणी होती. हाती आलेली वस्तू उघडून पाहायची, तिचा प्रत्येक भाग समजून घ्यायचा आणि तशीच दुसरी करायची, हे तिथले तंत्र. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सर्वांनी ऐकलेला आहे. विनोद बाजूला ठेवला तर नमुना उघडून शिकणे ही अभियांत्रिकीची फार जुनी पाठशाळा आहे. क वर्गातले गॅरेजवाले तेच करत होते.

पुढच्या स्टेशनला, अंबरनाथला, नेमकी उलटी शिस्त होती. तेथे १९५३ मध्ये संरक्षण खात्याचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना सुरू झाला. यंत्रे बनवणाऱ्या यंत्रांचे नमुने तयार करणे हे त्याचे मूळ काम. शेजारच्या आयुधनिर्माणीत पितळ आणि ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूंचे काम चाले. २०२१ मध्ये हे दोन्ही कारखाने सरकारी कंपन्यांकडे गेले. अशा ठिकाणी सगळे मोजमापावर. एक शतांश मिलिमीटर चुकला तर भाग बाद. उल्हासनगरची युक्ती आणि अंबरनाथची मोजपट्टी, शर्यतीच्या गाडीला दोन्ही लागतात. पुढे औद्योगिक वसाहती झाल्या आणि बदलापूरपर्यंत लेथचा आवाज पोचला.

समजा, या पट्ट्यातल्या एखाद्या घराच्या मागल्या पडवीत अशी जुन्या धर्तीची गाडी बांधायची ठरवली. आपल्याकडे त्यासाठी चांगला आधार आहे तो जुन्या ३५० बुलेटचा. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली आणि मूळ इंग्रजी नमुना इथे अनेक दशके जवळजवळ तसाच बनत राहिला. तिची दोन्ही चाके १९ इंची. मातीच्या शर्यतीतही पुढेमागे १९ इंचीच चाके रूढ आहेत. हा निव्वळ योगायोग, पण कामाचा.

पहिले काम काढून टाकण्याचे. बुलेटचे वजन १६५ किलोच्या आसपास. दिवे, हॉर्न, बॅटरी, मडगार्ड, स्टँड, पेटी, पुढचा ब्रेक गेला की बरेच किलो सहज उतरतात. अमेरिकेतल्या नामांकित शर्यतीच्या गाड्या १३५ किलोच्या घरात असत. बल तेच आणि वस्तुमान कमी, तर त्वरण जास्त. न्यूटनचा दुसरा नियम इतका स्वस्तात इतरत्र पाहायला मिळत नाही.

मग चाक. स्पोक भरणे आणि रिमचा आउट काढणे हे काम सायकलवाल्यापासून सर्वांना ठाऊक आहे, पण ते चांगले करणारा हात विरळा. रिम डावी-उजवीकडे आणि वर-खाली, दोन्ही बाजूंनी सरळ फिरली पाहिजे आणि एका बाजूच्या सर्व स्पोकांवर ताण सारखा पाहिजे. ताण तपासायला जुने मिस्त्री पान्याने स्पोकवर हलकेच टिचकी मारून कानाने ऐकतात. तारेचा ताण वाढला की स्वर चढतो, हा ध्वनीच्या धड्यातला नियम आहे. एक जुने सायकलचे चाक वर्गात आणावे, विद्यार्थ्यांना डोळे मिटून ढिली स्पोक ओळखायला सांगावी. दहा मिनिटांत जमते.

इंजिनात फार ढवळाढवळ करू नये असे आमचे मत. बुलेटचा सिलिंडर ७० मिलिमीटर व्यासाचा आणि पिस्टनचा पल्ला ९० मिलिमीटर. π भागिले ४, गुणिले ७ चा वर्ग, गुणिले ९, म्हणजे ३४६ घनसेंटिमीटर. झिजलेला सिलिंडर अर्धा मिलिमीटर वाढवून बोअर केला तर आकारमान होते ३५१. केवळ पाच घनसेंटिमीटरची भर. म्हणजे बोअरिंग करायचे ते ताकदीसाठी नव्हे, गोलाई परत आणण्यासाठी. वापराने सिलिंडर लंबगोल झिजतो, त्यात नवी पिस्टन-रिंग बसवून उपयोग नसतो. बोअर केल्यावर होनिंगचे बारीक आडवे-तिडवे ओरखडे भिंतीवर राहिले पाहिजेत, तेल त्यांतच टिकते. आरशासारखा गुळगुळीत सिलिंडर दिसायला सुंदर आणि वापरायला वाईट. लांब पल्ला आणि जड फ्लायव्हील असलेले हे संथ इंजिन मातीला मानवतेही. फ्लायव्हील जड असले की चाक एकदम भिरभिरत नाही, पकड सुटण्याआधी मनगटाला सूचना मिळते.

वेगाचा मेळ मात्र बदलावा लागतो. पुढच्या दातेरी चक्राला १६ आणि मागच्याला ३८ दात असतील, तर गुणोत्तर २.३७५. मागे ४६ दातांचे चक्र बसवले तर ते २.८७५ होते. चाकावरचा पीळ एकवीस टक्के वाढतो आणि कमाल वेग सुमारे सतरा टक्के घटतो. छोट्या मैदानावर हा सौदा फायद्याचा. असे चक्र बाजारात तयार मिळाले नाही तर पोलादी चकतीतून दात पाडून घ्यावे लागतात, आणि नंतर दातांना पाणी द्यायला विसरू नये. कच्चे दात साखळी महिन्याभरात खाते.

सर्वांत जपून करायचे काम सांगाड्याचे. जुन्या बुलेटचा सांगाडा ओतीव जोडांत नळ्या पितळी डाग देऊन बसवलेला असतो. तेथे कुणीही येऊन विजेचे वेल्डिंग मारले की जोडाशेजारची नळी कडक आणि ठिसूळ होते आणि एखाद्या धक्क्याला तडकते. नवी नळी घालायची तर ती बिनसांध्याची पोलादी नळीच हवी. नळाच्या पाइपाने भागवणारे महाभाग सगळीकडे असतात. त्यांनी निदान स्वतःच त्या गाडीवर बसावे.

एक अडचण कायद्याचीही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी झालेल्या वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरचे फेरफार करता येत नाहीत. बिनब्रेकची, बिनदिव्याची गाडी तर रस्त्यावर आणायचीच नाही. ती टेम्पोतून बंद मैदानावर न्यायची आणि तशीच परत आणायची. सांगाड्यावर कोरलेला क्रमांकही घासून काढायचा नाही.

घरच्या कारखान्यांचा हा काळ अमेरिकेत १९७० नंतर मावळू लागला. त्या वर्षी हार्लेने एक्सआर-७५० ही खास शर्यतीची गाडी काढली. तिचे पहिले बिडाचे इंजिन इतके तापे की स्वार तिची थट्टा करत. १९७२ मध्ये ॲल्युमिनिअमचे इंजिन आले आणि पुढची कित्येक वर्षे ती मैदानावर राज्य करत राहिली. तिला एकदा जबर धक्का बसला तो २३ ऑगस्ट १९७५ रोजी. इंडियानापोलिसच्या मैलाच्या मार्गावर केनी रॉबर्ट्स यामाहाचे चार सिलिंडरचे, रस्त्याच्या शर्यतीतले इंजिन मातीच्या सांगाड्यात बसवून उतरला. ताकद इतकी की चाक सरळ रेषेतही घसरत होते. शेवटच्या फेरीत त्याने हार्लेच्या दोघांना मागे टाकले. पुढे तसल्या इंजिनावर बंदीच आली. मागचे चाक घसरवत वळण्याची ही विद्या घेऊन रॉबर्ट्स युरोपात गेला आणि १९७८ ते १९८० अशी लागोपाठ तीन वर्षे डांबरी रस्त्यांवरच्या ५०० घनसेंटिमीटर गटात जगज्जेता ठरला.

चेकोस्लोव्हाकियात एसो नावाच्या छोट्या कारखान्याने १९४९ पासून मातीच्या शर्यतीच्या गाड्या बनवल्या. १९६४ मध्ये तो जावा कंपनीत विलीन झाला. म्हैसूरला १९६१ पासून बनलेली आणि आपल्या गल्लीबोळांतून फिरलेली जावा त्याच घराण्यातली. आणि २०२० मध्ये अमेरिकेत रॉयल एन्फिल्डने चार स्त्रियांना चेन्नईजवळ बनलेल्या ६५० घनसेंटिमीटरच्या साध्या गाड्या दिल्या. त्यांनी त्या स्वतः सोडल्या, मातीच्या शर्यतीसाठी पुन्हा बांधल्या आणि स्वतःच पळवल्या.

या खेळात एक वस्तू मात्र अजूनही मापाने हातीच बनते, ती म्हणजे डाव्या पायाचा पोलादी बूट. शर्यत नेहमी डावीकडे वळत असल्याने स्वार डावा पाय मातीवर टेकवून घसरतो. साधा बूट एका दिवसात फाटेल, म्हणून बुटाखाली पोलादी तळवा बांधतात. कॅलिफोर्नियातले केन मेली यांनी अनेक दशके असे तळवे बनवले, 'बूटवाले' हीच त्यांची ओळख झाली. स्वाराचा जुना बूट समोर ठेवायचा, त्याच्या तळाबरहुकूम पत्रा वाकवायचा, झिजणाऱ्या जागी कठीण धातूचा थर चढवायचा आणि टाचेला पट्टा जोडायचा. पत्रा तापवून ठोकणाऱ्या कुठल्याही कारागिराला दुपारभरात जमेल असे काम आहे. पाय तेवढा मोजायला स्वतः जावे लागते.